पुणतांब्याची चाल, हळदोण्याचा ट्रंपेट

संगीतकार सी. रामचंद्र आपल्या नगर जिल्ह्यातले, पुणतांब्याचे. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांच्या चालींना साथ होती चिक चॉकलेट यांच्या वाद्यवृंदाची. चिक चॉकलेट म्हणजे ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ. गाव गोव्यातलं हळदोणे. असे वादक गोव्यातून दर पिढीला मुंबईत येत राहिले, त्यामागे चर्चला लागून भरणाऱ्या एका साध्या शाळेची पुण्याई आहे. पोर्तुगीजांनी तिला नाव दिलं ‘एस्कोला पारोकियाल’.

शाळा काढली ती चर्चच्या गरजेपोटी. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, तिला गाणारे लागायचे, व्हायोलिन वाजवणारे लागायचे. म्हणून गावातल्या पोरांना धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवलं जाई. शिकवणारा मेस्त्री म्हणजे चर्चच्या गायनवृंदाचा प्रमुख. तो वाद्य लगेच हातात देत नसे. आधी सोल्फेज: पाच रेघांवरचा ठिपका पाहायचा, हाताने ताल धरायचा आणि दो, रे, मी म्हणत तो स्वर नेमक्या उंचीवर, नेमक्या मात्रेइतका गायचा. हात चुकला की पुन्हा पहिल्यापासून. डोळा, हात आणि गळा एकत्र चालायला लागले, की मग व्हायोलिन. ज्याच्या छातीत दम, तो पुढे कॉर्नेट, क्लॅरिनेट किंवा ट्रॉम्बोनकडे वळे.

जामखेडच्या लग्नातल्या बँडवाल्यांचा कान तयार असतो. गाणं दोनचारदा ऐकलं की उचलतात. तीही मोठीच विद्या. पण मेस्त्रीच्या पोराची विद्या वेगळी होती. कधी न ऐकलेली धून कागदावर समोर ठेवली, तरी तो ती पहिल्याच खेपेला वाजवी. माझ्या मते, या शाळेने दिलेलं सगळ्यात मोठं धन हेच.

चर्चच्या आतलं संगीत बाहेर यायला वेळ लागला नाही. फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, मिरवणुका होत्या, अंत्ययात्रा होत्या, आणि फेस्ताची वर्दी देत पहाटे गावभर फिरणारी आल्वोराद होती. उघड्यावर व्हायोलिनचा आवाज विरून जातो. तिथे पितळच हवं. चालता चालता वाजवायचं म्हणजे कागद हातात धरता येत नाही. तो वाद्यालाच बसवलेल्या छोट्या चिमट्यात अडकवायचा. पावलं एका लयीत, नजर वितभर कागदावर आणि तीन बोटं ट्रंपेटच्या तीन कळांवर. मधली कळ स्वर अर्ध्या पायरीने उतरवते, पहिली दोन अर्ध्या पायऱ्यांनी, तिसरी तीन. बाकीचं काम ओठ आणि श्वासाचं.

गावात संगीत होतं, पोट भरेल असं काम नव्हतं. मग पोरं बाहेर पडली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या ‘कुडी’, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्या, होत्या, तिथे पथारी टाकायची आणि काम शोधायचं. पलटणींचे बँड, संस्थानिकांचे बँड, हॉटेलं, मूकपटांची थिएटरं, सगळीकडे कागद वाचणारा वादक हवाच होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, चित्रपट बोलू लागला आणि थिएटरातल्या वादकांची गरज सरली. पण स्टुडिओची दारं उघडली. संगीतकार पेटीवर चाल वाजवून दाखवी, गोव्याचा अरेंजर ती स्वरलिपीत उतरवून वाद्यांमध्ये वाटून देई. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा यांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं.

१९२७ साली माजोर्ड्यात जन्मलेले अँथनी गोन्साल्विस चर्चमध्ये गायनवृंद शिकवणाऱ्या बापाच्या हाताखालीच तयार झाले. मुंबईत त्यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन शिकले. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूचंच नाव घातलं. कितीतरी जणांना ते नाव आजही फक्त अमिताभच्या पात्राचं वाटतं, याची मला खंत आहे.

१९६२ ते ६५च्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकभाषेत आली आणि लॅटिन गायनाची गरज ओसरली. घरंही मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागली होती. गोव्यात फेस्ताचे बँड मात्र अजून वाजतात, आणि कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत रीतसर शिकवलं जातं. मुंबईच्या स्टुडिओंत गोव्याच्या या वादकांनी लिहिलेल्या स्वरलिपीचे कागद बहुतेक कुणी जपलेच नाहीत. गाणी उरली आहेत. त्यांतला ट्रंपेट कुणाचा, व्हायोलिनची ओळ कुणी लिहिली, हे जुन्या वादकांना विचारूनच नोंदवावं लागतं.