इरईची पातळी आणि घरातला माठ

ताडोबाच्या मोहर्ली दरवाज्याकडे निघालेला पर्यटक इरई धरणाचे निळे पाणी दिसले की गाडी थांबवतोच. चंद्रपूरकरांसाठी मात्र हे पाणी केवळ पाहण्यापुरते नाही. शहराच्या नळाला ते येते आणि २९२० मेगावॉट क्षमतेच्या महाऔष्णिक वीज केंद्राची तहानही तेच भागवते. २०१०च्या उन्हाळ्यात जलाशय आटला, तेव्हा केंद्रातील संच बंद ठेवण्याची वेळ आली होती.

कोळशावरच्या केंद्रात वाफ थंड करायला पाणी लागते आणि त्यातले बरेचसे शीतलन मनोऱ्यांतून हवेत उडून जाते. २०१५च्या केंद्रीय निकषानुसार जुन्या केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरता येते. या हिशेबाने दीड युनिट वीज खाणारा एसी तासभर चालला, तर सुमारे पाच लिटर पाणी खर्ची पडते. पारा ४५ अंशांपुढे गेला की एसी, कूलर वाढतात, माणसाची तहान वाढते आणि जलाशयावरचे बाष्पीभवनही. गरज सर्वाधिक आणि साठा सर्वांत कमी, अशी गाठ मे महिन्यात पडते.

पातळी घटते तशी पाण्याची प्रतही बदलते. उन्हाने तापलेला वरचा थर हलका असल्याने खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू कमी होतो, गाळातील लोह व मँगनीज पाण्यात उतरतात आणि वास येऊ लागतो. पाणी उथळ झाले, की शेवाळही वाढते. पाठोपाठ पहिला पाऊस माती घेऊन येतो. गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू लपतात, त्यामुळे क्लोरीनचा परिणाम कमी होतो. म्हणूनच जलशुद्धीकरणात तुरटीने गाळ बसवणे, गाळणे आणि मगच क्लोरीन देणे, हा क्रम पाळावा लागतो.

घरीही हाच क्रम ठेवावा. गढूळ पाणी निवू द्यावे, वरचे पाणी स्वच्छ सुती कापडाच्या दुहेरी घडीतून गाळावे, खळखळून उकळावे आणि माठ झाकून ठेवावा. पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. जुलाब लागले तर क्षारसंजीवनी लगेच सुरू करावी. उन्हाळ्यात शरीरातले पाणी आधीच घटलेले असते, त्यामुळे लहान मुले आणि वृद्ध लवकर गळून जातात.