प्रौढांचे निदान व रीतिभूतकाळ

तिशी-चाळिशीतील एखादी व्यक्ती कामात चित्त ठरत नाही अशी तक्रार घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे जाते, तेव्हा केवळ आजच्या अडचणी विचारून भागत नाही. अवधान-न्यूनता व अतिचांचल्य ही विकृती बालपणीच सुरू होते असे मानले जात असल्यामुळे तेव्हाही लक्षणे होती काय, हे ठरवावे लागते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९९४ सालच्या आवृत्तीत ही मर्यादा सात वर्षांची होती. २०१३ साली ती बारा वर्षांची झाली. आणि ह्या पुराव्याचे साधन बहुधा रुग्णाची आठवणच असते.

ती आठवण कोणत्या भाषिक रूपात येते, हा आमच्या विषयाचा भाग. ‘मी वर्गात खिडकीबाहेर बघत बसत असे’ हे वाक्य रीतिभूतकाळातील होय. त्यामागे दोन-तीन दुपारी आहेत की चार वर्षे, हे क्रियापद सांगत नाही. ‘चौथीत कंपासपेटी तीनदा हरवली’ ह्यात घटना मोजता येते. प्रश्नावल्यांतील ‘अनेकदा’ हा शब्दही संख्या सांगत नाही. तो कोणाच्या तरी अपेक्षेशी तुलना करतो. सहा भावंडांच्या घरात एकाची चुळबुळ कोणाच्या नजरेत भरणार? शिवाय आज गोंधळलेला मनुष्य गतकाळासही तोच रंग देतो.

२००२ साली मानुझा, क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पडताळा प्रसिद्ध केला. बालपणी निदान झालेले १७६ व तसे न झालेले १६८ तरुण, पूर्वेतिहास ठाऊक नसलेल्या मुलाखतकारांपुढे बसविले. पहिल्यांपैकी ७८ टक्के ओळखले गेले. दुसऱ्यांपैकी ११ टक्क्यांवर चुकीचा शिक्का बसला. ही चूक लहान भासते. परंतु हजारात पन्नास खरे रुग्ण धरले, तर ३९ खऱ्यांबरोबर सुमारे १०४ खोटे हाती लागतात. (चिकित्सालयात येणाऱ्यांत रुग्णांचे प्रमाण अधिक असल्याने तेथे हिशेब इतका वाईट नसतो, हेही ध्यानात घ्यावे.)

आईवडिलांना विचारावे, तर तेही विसरतात. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, बालपणी नोंदलेली लक्षणे बहुतेक पालकांना पुढे आठवली नाहीत. म्हणजे ‘तो लहानपणी अगदी शहाणा होता’ ह्या मातेच्या वाक्यावरून खऱ्या रुग्णास परत पाठविण्याचा धोकाही तितकाच खरा. गप्प बसून स्वप्नात रमणाऱ्या मुलीच्या बाबतीत तर तो अधिकच. तिचा कोणास उपद्रव नव्हता.

म्हणून आठवण टाकून द्यावी, असे मला वाटत नाही. निदानास प्रसंग नव्हे, सवयच हवी असते आणि सवयीचे व्याकरण रीतिभूतकाळाचेच. मात्र प्रत्येक ‘असे’ व ‘नसे’ मागे इयत्ता, जागा, शिक्षक, हरवलेली वस्तू विचारून घ्यावी. जुने प्रगतिपुस्तक सापडल्यास उत्तम. त्यातील ‘हुशार, पण वर्गात लक्ष नसते’ हा शेरा निदान त्या वर्षी, वर्तमानकाळात लिहिलेला असतो.