रक्ताचे घटक

मानवी रक्त हे रक्तद्रव व त्यात तरंगणाऱ्या रक्तपेशी यांचे बनलेले प्रवाही ऊतक होय. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात साधारणतः ५ लिटर रक्त असते. न गोठू दिलेले रक्त परीक्षानळीत घालून यंत्राने वेगाने फिरवल्यास त्याचे थर पडतात. वर फिकट पिवळा रक्तद्रव (सुमारे ५५ टक्के), तळाशी तांबड्या पेशी (सुमारे ४५ टक्के) आणि या दोहोंमध्ये पांढऱ्या पेशी व रक्तबिंबिका यांचा पातळ पांढुरका थर दिसतो.

रक्तद्रव

रक्तद्रवात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. उरलेल्या भागात प्रथिने, क्षार, ग्लुकोज, संप्रेरके व यूरियासारखे टाकाऊ पदार्थ असतात. अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तवाहिन्यांतील पाणी टिकवून धरते, प्रतिपिंडे रोगजंतूंचा प्रतिकार करतात, तर फायब्रिनोजेन रक्त गोठण्यास आवश्यक असते.

तांबड्या रक्तपेशी

या पेशी दोन्ही बाजूंनी मधोमध खोलगट असलेल्या चकतीसारख्या असतात. परिपक्व पेशीत केंद्रक नसते, त्यामुळे हिमोग्लोबिनसाठी अधिक जागा मिळते. हे लोहयुक्त प्रथिन फुप्फुसांतील ऑक्सिजन ऊतकांपर्यंत पोहोचवते. रक्ताचा तांबडा रंगही त्यामुळेच येतो. या पेशी अस्थिमज्जेत तयार होतात व सुमारे १२० दिवस जगतात. आहारात लोह कमी पडल्यास हिमोग्लोबिन घटून रक्तक्षय होतो.

पांढऱ्या रक्तपेशी

निरोगी प्रौढाच्या १ घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या साधारणतः ४,००० ते ११,००० असते. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल असे त्यांचे पाच मुख्य प्रकार आहेत. न्यूट्रोफिल व मोनोसाइट जंतूंचे भक्षण करतात. लिम्फोसाइटांपैकी काहींपासून प्रतिपिंडे निर्माण होतात.

रक्तबिंबिका

प्लेटलेट या नावाने परिचित असलेल्या रक्तबिंबिका म्हणजे अस्थिमज्जेतील मोठ्या पेशींचे सूक्ष्म तुकडे होत. त्यांची संख्या १ घन मिलिमीटर रक्तात सुमारे १.५ ते ४.५ लाख, तर आयुष्य ८ ते १० दिवसांचे असते. जखम झालेल्या जागी त्या एकमेकींना चिकटून छिद्र बंद करतात. त्यानंतर फायब्रिनोजेनपासून बनलेल्या तंतूंची जाळी ती गुठळी पक्की करते. डेंग्यूमध्ये त्यांची संख्या झपाट्याने घटू शकते.

घटकांचे विलगीकरण

प्रत्येक रुग्णाला संपूर्ण रक्ताची गरज नसते. थॅलेसिमियाच्या रुग्णाला तांबड्या पेशी, बिंबिका फार घटून रक्तस्राव होणाऱ्यास बिंबिका, तर भाजलेल्या रुग्णास काही वेळा रक्तद्रवातील अल्ब्युमिन दिले जाते. म्हणून रक्तपेढीत दान केलेल्या रक्ताचे घटक वेगळे करतात. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअस तापमानात, साठवणीच्या द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. रक्तद्रव गोठवून सुमारे वर्षभर ठेवता येतो. बिंबिका मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवूनही साधारणतः ५ दिवसच वापरता येतात. त्यामुळे त्यांचा साठा फार काळ करता येत नाही व नियमित रक्तदात्यांची गरज कायम राहते. विलगीकरणामुळे एका व्यक्तीचे रक्तदान दोन किंवा तीन रुग्णांच्या उपयोगी पडू शकते.