शेअर म्हणजे ठेव नव्हे

कोयनानगरच्या आमच्या बचत गटात परवा विषय निघाला, रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लहान कंपनीचे शेअर घ्यावेत का? एक ताई म्हणाल्या, "आजार काही संपत नाहीत, मग तोटा कसा होईल?"

शेअर म्हणजे कंपनीतला छोटा वाटा. नफ्यात तसा तोट्यातही. पुण्याची कृष्णा डायग्नोस्टिक्स सरकारी दवाखान्यांत तपासण्या करते. ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा शेअर लोकांना ९५४ रुपयांना मिळाला. दोन वर्षांच्या आत भाव जवळपास निम्म्यावर आला. तपासण्या चालूच होत्या! पेशंट कितीही आले, तरी यंत्रांचा खर्च, दरांची चढाओढ आणि थकलेली बिलं नफा खातात. शिवाय लहान कंपनीचा शेअर विकायला काढला, तर गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही.

म्हणून आम्ही ठरवलं, गटाची बचत यात घालायची नाही. ती अडीनडीची आहे. कुणाला घ्यायचेच असतील, तर पाच वर्षं लागणार नाहीत असे स्वतःचे थोडे पैसे, स्वतःच्याच डीमॅट खात्यातून. आणि "दामदुप्पट नक्की" म्हणणाऱ्याच्या हातात रोकड द्यायची नाही. तो सेबीकडे नोंदलेला आहे का, ते आधी बघायचं.