माळ्यावरचं दप्तर

31 डिसेंबर 1926 रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात वारले. मागे संसार नव्हता. होते ते कागद. भास्कर वामन भट आणि धुळ्याच्या मंडळींनी 1927 मध्ये त्यांच्या नावानं संशोधन मंडळ काढलं, म्हणून ते कागद खानदेशात राहिले. अमळनेरहून एसटीनं गाठता येईल इतक्या जवळ हा ठेवा आहे, आणि अमळनेरचा त्याच्याशी जुना धागाही आहे: इथं शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी राजवाड्यांचं चरित्र लिहिलं.

‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड 1898 पासून निघाले. त्यासाठी राजवाडे गावोगाव पायपीट करत, देशपांडे-कुलकर्ण्यांचे वाडे आणि मठ धुंडाळत. कुठे वाळवी आधी पोचलेली असे, कुठे कागदांच्या वाण्याच्या पुड्या झालेल्या असत.

कागद मिळाला तरी तो बोलता करणं सोपं नाही. मोडी पत्राखाली ‘छ 12 रबिलावल’ अशी चांद्र तारीख असते, साल पुष्कळदा नसतंच. मग ते ठरवायचं कसं? त्याच रुमालात बांधलेल्या शेजारच्या पत्रांवरून. एखाद्या स्वारीचा उल्लेख, कर्जाचा हप्ता, घरातलं लग्न जुळलं की वर्ष हाती लागतं. म्हणून घरचं दप्तर फोडून त्यातलं एखादं ‘महत्त्वाचं’ पत्र फ्रेममध्ये लावणं मला फार लागतं. उरलेली रद्दीत जातात आणि भिंतीवरचं पत्र मुकं होतं.

आणि महत्त्वाचं म्हणजे काय, हे ठरवणारे आपण कोण? पेशव्याचं नाव नसलेली खतावणीही कपाशीचा भाव सांगते, सालदाराला काय मिळे ते सांगते. प्रताप मिलच्या कामगाराचं पगारपत्रक, छात्रालयातून मुलानं घरी टाकलेलं कार्ड, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगातून आलेली चिठ्ठी: अमळनेरचा इतिहास लिहिणाऱ्याला हेच लागणार आहे. सनदा आणि इनामपत्रं लोक जपतात, कारण त्यात जमीन असते. बाईमाणसांच्या पत्रांची काळजी त्यांच्यामागं कुणी घेत नाही, याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

वाटणी झाली किंवा जुनं घर पाडायला काढलं, की माळा रिकामा होतो. त्याआधी एवढं करावं: गाठ तशीच ठेवावी, चिकटपट्टी लावू नये, कोणत्या घरातलं आणि कोणत्या पेटीतलं ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहावं, आणि मोडी वाचणाऱ्या जाणकाराला दाखवावं.