भावी लष्करी अधिकाऱ्यांना सायबर संशोधन कशासाठी?

अमेरिकेत अनेक लष्करी अधिकारी विद्यापीठांतून येतात. तिथली ‘आरओटीसी’ योजना वरवर आपल्या एनसीसीसारखी. पण शिष्यवृत्ती घेतलेल्या कॅडेटला पदवीनंतर सैन्यात सेवा करावीच लागते. २०१८मधील संरक्षण कायद्याने अशा विद्यापीठांत सायबर संस्था उभारण्याची वाट मोकळी केली. टेक्सास ए अँड एम, व्हर्जिनिया टेक, नॉर्विच यांसह सहा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या.

नुसते टूल चालवायला शिकवून का भागत नाही? कारण आज शिकलेले टूल तो विद्यार्थी कॅप्टन होईपर्यंत जुने झालेले असते. अनोळखी मालवेअर उलगडायची, यंत्रणेतील त्रुटी स्वतः हुडकायची सवय मात्र टिकते. ती संशोधनातूनच लागते.

अडचण पुढेच आहे. सक्तीच्या सेवेची वर्षे संपली, की याच कौशल्यासाठी खासगी कंपन्या लष्करापेक्षा कितीतरी जास्त पगार मोजतात.