पडद्यावरचा यंत्रमानव

दक्षिण दिल्लीत कालकाजी येथे एनआयआयटी या संस्थेच्या कार्यालयाला लागून एक झोपडवस्ती होती. १९९९ च्या जानेवारीत सुगत मित्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधल्या भिंतीत भोक पाडून तेथे संगणक बसविला. शिकविणारे कोणी नव्हते. तरीही वस्तीतील मुले थोड्याच दिवसांत त्यावर चित्रे काढू लागली. मूल खेळता खेळता शिकते, हे यावरून दिसले. परंतु ते नेमके काय शिकते, हे खेळाच्या रचनेवर अवलंबून असते.

यंत्रमानव बनविण्याचा खेळ हे याचे चांगले उदाहरण होय. नीती आयोगाच्या २०१६ सालच्या योजनेनुसार अटल प्रयोगशाळेसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. ज्या शाळेत अशी प्रयोगशाळा नाही, तेथील मुलांना चाके, मोटारी व संवेदक पडद्यावरच जोडून पाहता आले तर? ब्राउझरमध्ये चालणाऱ्या खेळासाठी वेगळे साहित्य लागत नाही.

असा खेळ चालतो तरी कसा? संगणक सेकंदाला सुमारे ६० वेळा तीच तीन कामे करतो : संवेदकांची स्थिती तपासणे, मुलाने लिहिलेल्या आज्ञेनुसार निर्णय घेणे आणि यंत्रमानवाला किंचित पुढे सरकविणे. सेकंदाला ३० सेंटिमीटर वेग असेल, तर प्रत्येक खेपेस तो अर्धा सेंटिमीटर सरकतो. दोन्ही चाकांचा वेग सारखा असल्यास तो सरळ जातो; डावे चाक मंदावले की डावीकडे वळतो. काळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक संवेदक ठेवावा आणि ज्या बाजूस काळे दिसेल त्या बाजूचे चाक मंद करावे, एवढ्या नियमावर तो रेषेवरून चालू लागतो.

या कल्पनेचे मूळ १९६७ साली अमेरिकेत तयार झालेल्या 'लोगो' या संगणकभाषेत आहे. सेमूर पॅपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या आज्ञांवर चालणारे 'कासव' मुलांच्या हाती दिले. समभुज त्रिकोण काढताना मूल सहसा कासवाला ६० अंशांनी वळविते आणि त्रिकोणाऐवजी षट्कोन उमटतो. येथे कोणी चूक दाखवून देण्याची गरज नसते. मूल स्वतः जमिनीवर चालून पाहते आणि त्याला कळते की, वळायचे ते बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंशांनी.

म्हणून खेळ रचणाऱ्याने चुकांना जागा ठेवलीच पाहिजे. प्रत्यक्षात कोणत्याही दोन मोटारी तंतोतंत सारख्या नसतात. चाक घसरते, विद्युत्घट उतरतो. पडद्यावरचा यंत्रमानव मात्र निर्दोष चालतो. अशा खेळात पारंगत झालेल्या मुलाने पुढे खरे यंत्र जोडले आणि ते वाकडे गेले, तर 'मला हे जमत नाही' असे त्याला वाटेल. त्याऐवजी खेळातच चाकांच्या वेगात अल्पसा फरक घातला, तर ते संवेदकाचा आधार घेऊन दिशा सुधारायला शिकेल. यंत्रमानवशास्त्राचा पहिला धडा हाच आहे. ज्या मुलाच्या हाती खरे यंत्र कदाचित फार उशिरा येणार आहे, त्याला तर तो खरेपणाने मिळणे अधिकच अगत्याचे आहे.